लूम थांबलं की

डॉक्टर सुषमाबेननी झोपेची वही ठेवायला सांगितली, तेव्हा भागीरथीला हसूच आलं. आता नवऱ्याच्या झोपेचीही हजेरी घ्यायची का? पण महिन्यापूर्वी रात्रपाळीत सुकदेवला लूमवरच डुलकी लागली होती आणि त्याची बाही मशीनमध्ये ओढली गेली होती. बाही फाटली, हात वाचला. दर वेळी बाहीवरच भागेल असं थोडंच आहे? तिने मुकाट्याने वही काढली.

बमरोलीत लूमखात्याच्या, म्हणजे यंत्रमागांच्या शेडच्या, वरच्या खोलीत दोघं राहत. सुकदेव दुसऱ्या खात्यातली रात्रपाळी करून सकाळी साडेआठला येई आणि भाकर खाऊन नऊला आडवा होई. भागीरथी उशाशी बसून साड्यांना टिकल्या लावी. तो उठला की वेळ नि कारण लिही. पहिल्या आठवड्यात दिवसाला नऊ वेळा. लघवी. तळपायांची आग. पुन्हा लघवी. घाम सुटला, पोटात खड्डा पडला. आठ वर्षांची साखर, ती सुखासुखी झोपू देते होय!

सुषमाबेननी एकेक कारण खुडून काढलं. गोळीची वेळ बदलली, झोपण्याआधीचा चहा बंद केला, पायांसाठी वेगळं औषध दिलं. तंबाखूची पुडी भागीरथीनेच गटारात टाकली. साखर उतरली. नवाचे सात झाले, साताचे तीन. हे तीन मात्र हटेनात, आणि त्या तिन्हींना सुकदेव एकच कारण सांगे.

"लूम थांबना." म्हणजे, लूम थांबलं.

आता सव्वीस वर्षं लूमवर काढलेला माणूस खडखडाटात घोरतो आणि आवाज थांबला की टक्क जागा होतो, यात नवल नाही. नवल एवढंच, की खालचं लूमखातं दोन दिवाळ्या बंद होतं. वीज तोडलेली होती, आणि कुलपाची किल्ली शेठने भागीरथीकडेच दिली होती.

"कोणतं लूम?" तिने एकदा विचारलं.

"भिंतीकडलं," म्हणत त्याने कूस बदलली.

भागीरथीचा स्वभाव असा, की डब्यात काय आहे ते कळेपर्यंत तिच्या जिवाला चैन पडत नसे. मंगळवारी साडेदहाला सुकदेव एकदा उठून परत झोपला, तशी ती वही काखेत मारून खाली उतरली.

आत बारा लूम धुळीने माखलेली होती. भिंतीकडच्या लूमवर पांढरं कापड चढलेलं होतं, आणि त्या कापडावर धूळ नव्हती. पूर्वी ती याच खात्यात बॉबिन भरायची. लूम थांबवून पुन्हा चालू केलं की कापडात बारीक आडवी रेघ राहते, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. तिने गुंडाळी पार उलगडली आणि आतल्या टोकापासून बघायला घेतलं. नऊ रेघा, मग मोकळं कापड. पुन्हा नऊ. पुढे सात. मग तीन-तीन. तिने वही जमिनीवर उघडून बोटाने एकेक रेघ ताडून पाहिली. लघवीला उठलेलंही होतं, घामाने उठलेलंही होतं. आज साडेदहाचीसुद्धा रेघ होती.

ती शेवटची. तिच्यापुढे पाच हात कोरं कापड विणून तयार होतं.

खरं तर घाबरायला हवं होतं, पण तिला आधी आनंदच झाला. म्हणजे आता याला सलग झोप लागणार.

साडेबारा झाले, तो उठला नाही. पावणेतीन झाले, तरी नाही. पाचला तिने हाक मारली. गदागदा हलवलं. तोंडावर पाणी मारलं. साखर फारच उतरली असेल म्हणून बोटाला सुई टोचली, तर मशीनवर एकशे छत्तीस. त्याने बोट मागेही घेतलं नाही. श्वास एका ठेक्यात चालला होता.

रिक्षा बोलवायला ती जिना उतरली आणि खात्याच्या दारापाशी थबकली. कमरेला किल्ली होती. हातात टिकल्यांची कातर तशीच राहिली होती.

धागा तुटला की तो जोडायला लूम थांबवावंच लागतं.

ती आत गेली. भिंतीकडच्या लूमवरचे ताण्याचे चार उभे धागे तिने बोटावर घेतले. ते थरथरत होते.

तिने कापले.

शांत झालं. इतके दिवस जे तिला शांत वाटत होतं ते शांत नव्हतंच, हे तिला तेव्हा कळलं.

वर खाट करकरली. "काबरं थांबना लूम?" सुकदेवचा आवाज आला.

ती रडत वर धावली. "भलता झोपनू मी आज," म्हणत तो आळस देत होता, चेहरा कसा टवटवीत. तो मोरीत अंघोळीला बसला, तेव्हा तिला आठवलं की खाली कुलूप घालायचं राहिलं.

नुसतं दार ओढून घ्यायचं होतं. तिला राहवलं नाही.

चारही धागे जोडलेले होते. कारागीर थुंकी लावून पीळ देतात, तसाच पीळ होता. तिने बोट लावलं. गाठी अजून ओल्या होत्या, आणि बोटाला सुकदेवच्या तंबाखूचा वास आला.

तिने मान वर करून कानोसा घेतला. मोरीतलं पाणी पडायचं थांबलं होतं, आणि बोटाखाली धागे पुन्हा थरथरू लागले होते.