एक्केचाळीस नंबरचा माणूस

मी ओमेश्वरी पटले. गोंदियाच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. याद्या करण्यात आयुष्य गेलं, आणि यादीत चूक दिसली की अजूनही माझं डोकं फिरतं. घरचे म्हणतात, ही बाई लग्नपत्रिकेतही चुका काढते. काढते तर काढते. २००८ च्या दिवाळीनंतर चंद्रकुमार शेठ माझ्या दारी आले ते याच गुणामुळे.

त्यांच्या घराण्याला सगळे लाखवाले म्हणतात. आजोबा श्यामलाल शेठ यांचा दरेकशाला लाखेचा कारखाना होता आणि शेठजींना चित्रांचं वेड होतं. हिवाळ्यात ते कलकत्त्याहून, मुंबईहून चित्रकार बोलवायचे, कारखान्याजवळच्या बंगलीत ठेवायचे, खाऊपिऊ घालायचे आणि झालेली चित्रं विकत घ्यायचे. अशी एकशे बारा चित्रं आणि सात कपाटं कागद गोंदियाच्या घरात पडून होते. नातवाला ते सगळं नागपूरच्या एका संग्रहालयाला द्यायचं होतं आणि त्याआधी यादी हवी होती.

शेठजींनी दर पंधरा वर्षांनी यादी करायचा नियम घालून ठेवला होता. नव्या माणसानं चित्र समोर ठेवून जे दिसेल ते लिहायचं, जुनी यादी बघायची नाही. कारकून नक्कल मारतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून १९६३, १९७८ आणि १९९३ च्या याद्या लाखेच्या मोहरा लावून बंद केलेल्या होत्या. माझी यादी झाल्यावरच त्या फोडायच्या आणि ताडून बघायच्या. न भेटताच मला हा माणूस आवडून गेला.

तीन आठवड्यांत माझी यादी झाली. एक्केचाळीस नंबरला मी लिहिलं: तैलचित्र. बंगलीची ओसरी. बाजेवर बसलेला म्हातारा, वय सत्तरीच्या घरात, टक्कल, दाढीचे खुंट पांढरे. कमरेला धोतर, अंग उघडं. खाली उजव्या कोपऱ्यात बोटभर फाटलेलं. चित्रकाराची सही, जानेवारी १९६१.

मग मोहरा फोडल्या. चाळीस नंबरपर्यंत बारीकसारीक तपशीलही जुळला. एक्केचाळीसला १९९३ चा कारकून म्हणत होता, माणूस पन्नाशीचा, केस अर्धे पिकलेले. १९७८ चा म्हणत होता, चाळिशीला टेकलेला. आणि १९६३ च्या यादीत होतं: विशीतला तरुण, केस काळेभोर. बाज, ओसरी, धोतर, सही, बोटभर फाटलेला कोपरा चारही याद्यांत सारखाच.

मी आधी कारकुनांना शिव्या घातल्या. मग चित्र बदललं असेल म्हणून फूटपट्टी घेतली. मापं जुळली. मागचा शिक्का तोच, चौकटीचे खिळेही गंजलेले, कधी न काढलेले. चंद्रकुमार शेठ म्हणाले, "छोड़िए ना मॅडम. एक आदमी बैठा है, इतनाच लिख दो." मी तसं लिहिलं नाही. जे दिसलं ते लिहिलंय, आणि ते तसंच राहील, असं त्यांना ठणकावलं.

त्याच आठवड्यात कागदांत एक वही सापडली. चित्रकारांपुढे बसणाऱ्या माणसांची हजेरी: नाव, कधी आला, कधी गेला. १४ जानेवारी १९६१ ला 'कवडू, कारखान्यातला' सकाळी नऊला आला होता. गेल्याची जागा कोरी होती. पुढच्या पानांवर त्याचं नाव नाही.

शेठचे कागद निघाले ही बातमी दरेकशापर्यंत गेली आणि एके सकाळी पॅसेंजरनं देवकाबाई आली. पासष्टीची, काटक, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. कवडूची बायको. लग्नाला दीड वर्ष झालं असताना नवरा चित्राला बसायला गेला तो परत आला नाही. पोलिसांनी जंगल पालथं घातलं आणि वाघाच्या नावावर घालून मोकळे झाले. सासरच्यांनी तेरवी उरकायचं ठरवलं, तर हिनं प्रेत दाखवा म्हणून सगळ्यांना दारातून हाकललं. सत्तेचाळीस वर्षं ती लोकांची बोलणी खात कुंकू लावत होती.

मी तिला वही वाचून दाखवली.

"बाई, आता माह्ये किती दिवस राह्यले?" ती म्हणाली. "असतीन तर हायेत म्हना, नसतीन तर नाही म्हना. खोटं कुंकू लावून मराचं नाही मले."

मी तिला चित्रासमोर नेलं. तिला नुसता पिवळा उजेड दिसत होता. कसे दिसतात, असं तिनं विचारलं. मी यादीत लिहिलं होतं तेच सांगितलं, एक शब्द कमीजास्त नाही. म्हातारा, सत्तरीचा, टक्कल. म्हटलं आता ही माझ्यावर भडकणार. पण तिनं मान हलवली.

"त्यायच्या बापालेबी टक्कलच होतं," ती म्हणाली. "आंगावर काय हाये?"

"धोतर. वर काही नाही."

"डिसेंबर लागला ना बाई!"

पुढच्या आठवड्यात ती घोंगडी घेऊन आली. काळी, लाल काठाची, नवी कोरी. मी समजावलं, रागावले, आवाजही चढवला. ती घोंगडी टेबलावर ठेवून स्टेशनला निघून गेली. शेवटी पेटी भरताना चित्र घासलं जाऊ नये या सबबीखाली मी ती घडी करून आत ठेवली. माझ्यासमोर खिळे ठोकले गेले.

जानेवारीच्या शेवटी संग्रहालयाचा पोच-अहवाल आला. तिथली तपासणारी मंजू नावाची मुलगी फार नेटकं लिहायची. क्रमांक एक्केचाळीस: बाजेवर बसलेले वृद्ध गृहस्थ, खांद्यांवरून लाल काठाची काळी घोंगडी घेतलेली. रंग मूळचे, वरून रंगवल्याची खूण नाही. पेटीत चित्राव्यतिरिक्त काही नाही.

मी कागद दोनदा वाचला आणि मला भीती वाटली. उगाच का खोटं बोलू? नागपूरला फोन करून पेटीतली घोंगडी कुठे गेली म्हणून मी त्या पोरीला झापलं. ती शांतपणे म्हणाली, मॅडम, पेटीत घोंगडी नव्हतीच.

दरेकशाला जाऊन मी देवकाबाईला सांगितलं, घोंगडी पोचली, त्यांनी घेतलीय. ती लहान मुलीसारखी हसली. मला चहा दिला, आणि जाताना कुडवभर जवस बांधून दिले.

दुसरा अहवाल, संग्रहालयाच्या उन्हाळी तपासणीचा, मे महिन्यात आला.

क्रमांक एक्केचाळीस: बाजेवर आडवी व्यक्ती. घोंगडी डोक्यापासून पायापर्यंत ओढलेली. चेहरा दिसत नाही. रंग मूळचे.

आमच्या भागात थंडीत लोक तोंडावरून पांघरूण घेऊनच झोपतात. हे मी स्वतःला तीनदा सांगितलं. अहवालावर तारीख होती १८ मे. त्या आठवड्यात नागपूरचा पारा सेहेचाळीसवर होता.

मी फोन केला. जानेवारीचा अहवाल जिनं लिहिला तीच मंजू म्हणाली, चित्र आधीपासून असंच आहे ना मॅडम?

दुसऱ्या दिवशी सकाळची पॅसेंजर पकडली. वाटभर ठरवत होते, सरळ सांगायचं. तिनं खरं विचारलं होतं, खरंच सांगायचं. मी आयुष्यात यादीत खोटं लिहिलेलं नाही.

देवकाबाई पडवीत बसली होती. समोर कासारीण. मनगटभर हिरव्या बांगड्या चढत होत्या, आणि कासारीण थट्टा करत होती की म्हातारीला या वयात नवरीची हौस आलीय.

माझी चाहूल लागली तशी तिनं मान वळवली.

"पटलेबाई का? बसा जी." मग म्हणाली, "लय उन्हं होऊन राह्यली. आता तरी काढून ठेवली ना त्यायनं घोंगडी?"

कासारीण बांगडी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

"ठेवली," मी म्हणाले.

देवकाबाईनं दुसरा हात पुढे केला.