झोपलेली ओळ

बाळांनो, मनात एक वही आणा. तिच्यात काही ओळी जाग्या आहेत, काही झोपलेल्या. झोपलेल्या ओळीला उठवायचं की नाही, हे तुमच्या हातात आहे.

आणली? आता ऐका.

हे रचलेलं नाही. कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका घरात, गेल्या मार्चमधल्या एका मंगळवारी हे घडलं. दुपारचे तीन वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं.

ऋता अकरा वर्षांची. तिच्या पप्पांना, सौमित्रना, नसांचा आजार. आधी पाय गेले, मग आवाज गेला. शेवटी हाताचं एक बोट तेवढं उरलं. त्या बोटाखाली एक नाजूक बटण होतं आणि त्याची वायर कॉम्प्युटरला. पडद्यावर एकेक अक्षर उजळायचं. हवं ते आलं की पप्पा बटण दाबायचे, आणि कॉम्प्युटर ते बोलून दाखवायचा.

ही सोय भैरवीआत्यानं केली होती. पप्पांची थोरली बहीण. कोडोलीत कॉम्प्युटरचा क्लास चालवायची. बटणाची मापं तिनं एका साध्या फाईलमध्ये, मराठीत लिहून ठेवली होती. त्या फाईलला ती वही म्हणायची. 'स्पर्श = ४०', म्हणजे बटणानं किती हलका स्पर्श ओळखायचा.

"वही माणसाला वाचता आली पायजे की," ती ऋताला सांगायची. "आणि ही # खूण बघ. ओळीपुढं ही असली, की मशीन ती ओळ वाचत न्हाय. ओळ झोपलेली. ती फक्त माणसासाठी. खूण काढलीस, की ओळ जागी. दोन खुणा असल्या, की झोप आणखी गाढ."

टाईप करून झालं की कीबोर्डचं शेवटचं बटण ती दोनदा दाबायची. टक् टक्. सवयच होती तिची.

आत्या वारली. मग नवा कॉम्प्युटर आला.

त्यात वही नव्हती. सगळ्या प्रोग्रामांची मापं कपाटासारख्या एकाच मोठ्या जागेत, तीही मशीनच्या लिपीत. माप बदलायचं तर पडद्यावरची पट्टी सरकवायची. आठ दिवसांपूर्वी पप्पांचं बोटही थांबलं. तेव्हा बटण डाव्या गालाला लावलं आणि धैर्यशीलकाकांनी पट्टी मागंपुढं सरकवून नेम साधला. काका म्हणजे पप्पांचा धाकटा भाऊ, कारखान्यात लोखंड कातायचं लेथ मशीन चालवायचे.

आकडा कुणीच लिहून ठेवला नाही.

त्या दुपारी लाईट गेली, आली, पुन्हा गेली. काकांनी कॉम्प्युटरचं टेबल पलंगाकडं ओढलं आणि प्लग इन्व्हर्टरच्या पॉइंटला लावला. कॉम्प्युटर सुरू झाला, पण अक्षरं आलीच नाहीत. 'सेटिंग्ज वाचता येत नाहीत,' एवढंच आलं.

थोड्या वेळानं पप्पांचा चेहरा लाल झाला. कपाळावर घाम, शीर तटतटलेली. डोळ्यांतून पाणी.

आई जयसिंगपूरला शाळेत शिकवत होती, फोन उचलेना. डॉक्टर फोनवर म्हणाले, "गाडी पाठवतो. तोवर त्यांना विचारा, कुठं त्रास होतोय."

विचारायचं, पण उत्तर कशातून यायचं?

काकांनी कॉम्प्युटरच्या दुकानदाराला फोन लावला.

"सगळं एकाच जाग्यात असतंय साहेब. ती जागा बिघडली म्हंजे सगळंच गेलं. उद्या माणूस पाठवतो."

"माझा भाऊ आत्ता तडफडाय लागलाय, आन् तुमचा माणूस उद्या?" काकांनी फोन आपटला. "ह्यापेक्षा माझी लेथ बरी. तिचं माप तिच्या अंगावर कोरलेलं असतंय."

ऋता माळ्यावर चढली. वर्षभर धूळ खात पडलेला जुना कॉम्प्युटर तिनं काकांच्या हातात दिला.

काकांनी बटणाची वायर त्याला जोडली. तो सुरू झाला. फाईल उघडली. स्पर्श = ४०.

पण ते माप बोटाचं होतं. गाल नुसता श्वासानं हलला, तरी अक्षरं भडाभडा पडू लागली. ऋतानं ४०० केलं. मग काहीच उमटेना. दर वेळी प्रोग्राम बंद करून उघडायचा. दोन-दोन मिनिटं जायची. पप्पांचे ओठ काळे पडू लागले.

"काका, पट्टी कितीवर होती?"

"पोरी, मी आकडा बघितलाच न्हाय गं." काकांचा आवाज फाटला होता.

ऋता पप्पांचा हात धरायला वळली. काका दारात गाडीची वाट बघत होते.

आणि मागून आवाज आला...

टक् टक्.

कीबोर्डजवळ कुणी नव्हतं.

फाईलमध्ये खाली एक नवी ओळ होती...

# बोट गेलं. आता डावा गाल. स्पर्श = ३१७

बोट गेलं आठ दिवसांपूर्वी. आत्या जाऊन वर्ष झालं होतं.

ऋतानं विचार केला नाही. ३१७ टाकलं. अक्षर उजळलं. गाल हलला. न... ळी.

"नळी," कॉम्प्युटर बोलला.

काका धावले. मघाशी ओढलेल्या टेबलाचा पाय लघवीच्या नळीवर आला होता, लघवी तुंबली होती. त्यांनी टेबल उचललं. पप्पांच्या कपाळाची शीर हळूहळू उतरली. ओठांना रंग आला.

काका भुईवरच बसले आणि रडले.

पण अक्षरं थांबली नव्हती. गाल हलतच होता.

"आक्काला... खुर्ची द्या."

आक्का म्हणजे भैरवीआत्या. दोघे भाऊ तिला तसंच म्हणायचे.

"आक्का? दादा, काय बोलाय लागलाईस?"

"मघापासून... उभी हाय."

खोलीत पंख्याचाही आवाज येत नव्हता. पंखा तर फिरत होता...

टक् टक्.

ऋतानं पडद्याकडं पाहिलं. आणखी एक ओळ.

# ऋता, माझ्यापुढची खूण काढ.

काका म्हणतात, "लाईटीच्या झटक्यानं जुन्या मशीनमध्ये काहीबाही येत असंल." पण ३१७ हा आकडा झटक्यानं कसा यावा? ती फाईल मी डोळ्यांनी पाहिली आहे. तेव्हापासून साधं पत्र टाईप करतानाही मी मध्येच थांबतो.

ऋताचं बोट त्या खुणेवर कितीतरी वेळ थांबलं होतं. आत्या तिला फार आवडायची.

मग तिनं कोपऱ्यातली खुर्ची उचलली आणि पलंगापाशी, पप्पांच्या उशाला ठेवली. तिच्यावरची धूळ फ्रॉकनं पुसली.

परत येऊन ती कीबोर्डपुढं बसली. आणि आत्याच्या ओळीपुढं तिनं आणखी एक # टाईप केलं.