शेवटच्या चौकोनातला शनिवार

वहिनी चिडल्या की त्यांच्या हातातला चहा पुन्हा उकळायला लागतो, असं भाऊजी शपथेवर सांगत. त्या गुरुवारी तर कपालाच तडा गेला.

"तुरुंगात मी का जाऊ?" समोर बसलेला लिफ्ट-मेकॅनिक ओरडत होता. "दोर झिजलाय, लिफ्ट बंद करा, हे मी मॅनेजरला शुक्रवारीच तोंडावर सांगितलं होतं. मंगळवारी, सतरा तारखेला, सकाळी दहाला लिफ्ट कोसळली. आत एक म्हाताऱ्या मास्तरीणबाई. दोन्ही पाय मोडले. मीच उचलून इस्पितळात नेलं त्यांना. आणि आता कॉम्प्युटर म्हणतो, मी दोर तपासून 'ठीक' लिहिलं!"

"त्यानंतर ऑफिसात गेला होतात?"

"त्या सकाळपासून रोज गेटवरूनच हाकलतात. उद्या चौकशी समिती बसतेय, बाई."

वहिनी खाजगी तपासाचा धंदा करत. त्यांचे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, छत्री आणि शंका सांभाळत. तासाभरात दोघं लिफ्ट कंपनीच्या ऑफिसात होते; मेकॅनिक गेटबाहेरच थांबला.

नोंदींचा कॉम्प्युटर एकच. पासवर्डची चिठ्ठी त्याच्याच कपाळावर चिकटवलेली.

"म्हणजे कुणीही उघडावा!" वहिनी कडाडल्या.

कॉम्प्युटर सांभाळणारी बाई गोरीमोरी झाली. "मेकॅनिक लोक तारखा मध्ये टिंबं देऊन टाइप करतात. कॉम्प्युटर त्यांना तारीख मानत नाही, साधी अक्षरं समजून डावीकडे चिकटवतो. मंगळवारी दुपारी मॅनेजर सर म्हणाले, समिती येईल, तारखा जरा धड दिसू देत. म्हणून मी हे कॅलेंडर बसवलं. चौकोनावर क्लिक करायचं, महिना उघडतो, दिवस निवडायचा. खरी तारीख उजवीकडे बसते."

तिने उघडून दाखवलं. सोमवार पहिला, रविवार शेवटचा. "कामाचा आठवडा सोमवारी सुरू होतो, म्हणून मीच तसं मांडलं."

"जुन्या नोंदी बदलल्यात?"

"एकीलाही हात लावला नाही. मंगळवार दुपारपासून या खोलीत मी आणि सर सोडून कुणी आलेलंही नाही."

भाऊजी पडद्यावर वाकले. डावीकडे तारखांची शिस्तीत रांग. "ही पंधरा तारीख तेवढी उजवीकडे रुसून बसलीय. समोर 'दोर ठीक', आणि आपल्या मेकॅनिकचं नाव. जाऊ दे, नीटनेटका असेल बिचारा."

"भाऊजी, तुम्ही उघड्या डोळ्यांनी झोपता. पण घोरता मात्र कामाचं!"

मॅनेजरच्या केबिनमध्ये भिंतीवर भलंमोठं कॅलेंडर होतं. लाल रविवार डावीकडून पहिला, शनिवार अगदी शेवटी.

"मेकॅनिकनेच केली नोंद," मॅनेजर पेनाची टिकटिक करत म्हणाला. "शनिवारी. मी इथूनच पाहिलं."

"नक्की शनिवारी?"

"नक्की. रविवारी तर ऑफिसला टाळं असतं. किल्ली माझ्याकडे."

"नवं कॅलेंडर वापरून पाहिलंत?"

"मी? हातही लावलेला नाही. कारकुनी कामं आहेत ती!"

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती टाळूतून धूर होऊन बाहेर पडलेली पाहिल्याचं भाऊजी अजूनही सांगतात. त्यांनी गेटबाहेरच्या मेकॅनिकला आत बोलावलं, सगळ्यांना कॉम्प्युटरभोवती उभं केलं आणि मॅनेजरला खुर्चीत बसवलं.

"गेला शनिवार निवडून दाखवा. भराभर."

मॅनेजर तुच्छतेने हसला, त्याने महिना उघडला आणि ओळीतल्या शेवटच्या चौकोनावर क्लिक केलं.

पडद्यावर पंधरा तारीख उमटली. उजवीकडे.

"सतराला मंगळवार," वहिनी म्हणाल्या. "मग पंधराला?"

भाऊजींनी बोटं मोजली. दोनदा मोजली. "अगं बाई! रविवार!"

"टाळं लावलेला रविवार! 'दोर ठीक'ची तारीख उजवीकडे आहे, म्हणजे ती कॅलेंडरातून निवडलेली. कॅलेंडर बसलं मंगळवारी दुपारी. मेकॅनिकला त्या दिवशी सकाळपासूनच गेटच्या आत पाय ठेवू दिला नव्हता. उरले दोघं. या बाईने आठवडा स्वतः मांडलाय, तिचा शनिवार चुकणार नाही. चुकेल तो, ज्याची नजर भिंतीवरच्या शेवटच्या रकान्याला सरावलीय. पडद्यावर पंधरा दिसत असताना तिला शनिवार म्हणणारा माणूस एकच. तुम्ही!"

"हात... हात चुकला माझा," मॅनेजर पुटपुटला.

"हात? शुक्रवारी या माणसाने दोर झिजल्याचं सांगितलं, तेव्हा लिफ्ट बंद करायला हात उचलला नाहीत. मास्तरीणबाईंचे पाय मोडल्यावर मात्र याच्या नावाने 'ठीक' लिहायला बरा उचलला!"

कॉम्प्युटरवाली पुढे झाली. "नोंदींचं पत्रक जसं आहे तसं छापते. समितीपुढे मी उभी राहीन."

छापून झाल्यावर वहिनींनी मॅनेजरला खुर्चीतून उठवलं. "मेकॅनिक, बसा. आजची नोंद करा. आजच्याच तारखेने."

कॅलेंडर टपकन उघडलं. मेकॅनिकने ते बंद केलं आणि एका बोटाने, टिंबं देत, एकोणीस तारीख टाइप केली. पुढे लिहिलं: दोर झिजलाय, हे मॅनेजरना शुक्रवारी सांगितलं होतं.

तारीख डावीकडे जाऊन चिकटली. ती सरळ करायला कुणीही हात पुढे केला नाही.