बाबा असलेला फोटो

"अहो, जरा आमचा एक फोटो काढता का?"

धाकटीनं हे विचारलं तेव्हा लाँच नुकतीच धक्क्यापासून सुटली होती. आभाळ भरून आलं होतं, वारा बोचत होता, आणि तिकिटं तपासणारा तरुण तिचं तिकीट हातात घेऊन गरजेपेक्षा जास्त वेळ वाचत होता. एवढ्याशा तिकिटावर वाचण्यासारखं असतं तरी काय?

"काढतो की," तो म्हणाला. "पण हसणार असाल तर."

"आणि नाही हसले तर?"

"तर तिकीट परत मिळायचं नाही."

ती हसली. न हसून सांगते कुणाला!

बाबांनी मात्र कॅमेरा सहजासहजी हातचा सोडला नाही. बाबा नकाशांच्या कचेरीत आरेखक होते आणि फोटोचा नाद त्यांना लग्नाआधीपासूनचा. घरात नऊ अल्बम होते. रांगणाऱ्या मुली, रुसलेल्या मुली, सहलीला निघालेली आई, बसची वाट पाहून कंटाळलेली आई. बाबा एकाही फोटोत नव्हते. काढणारेच ते, त्यात येणार कुठून? म्हणून आज धाकटीनं हट्टच धरला होता की तुम्ही आमच्यात उभं राहायचं.

बाबांनी भिंगाचं अंतर स्वतः जुळवलं, कॅमेरा त्या तरुणाच्या गळ्यात अडकवला आणि बजावलं, "भिंगाच्या या पुढच्या कड्याला हात लावायचा नाही. नुसतं बटण दाबायचं. उजेड कमी आहे, अंतर जरा हललं की सगळ्याचा बट्ट्याबोळ."

"नाही लावत, काका."

आई, बाबा, थोरली आणि तिचा नवरा बाकाजवळ दाटीवाटीनं उभे राहिले. धाकटीला जागा उरली नाही, म्हणून ती दोन पावलं पुढे कठड्याला टेकली. खट् झालं.

त्यानंतर धाकटीला पलीकडच्या काठावर अचानक कामं निघू लागली. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. पलीकडे तिचं ना गिऱ्हाईक होतं, ना मैत्रीण.

"आज वारा आहे. आत बसा," दोर सोडता सोडता तो म्हणायचा.

"आत बसले तर…"

"तर काय?"

"काही नाही — पाणी दिसत नाही."

"पाणीच ना?" तो विचारायचा, आणि ती पटकन दुसरीकडे पाहायची.

चौथ्यांदा ती निघाली तेव्हा बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "काय गं, पलीकडे डोळ्यांची साथ आलीय वाटतं?" धाकटी लाजेनं चूर झाली. बाबांना सगळं कळलं होतं, आणि त्यांना ते चाललंही असतं.

त्या फोटोनंतर सातव्या आठवड्यात बाबा गेले. कचेरीतच, टेबलावर डोकं टेकून. शेजारच्यांना वाटलं, डुलकी लागली असेल.

आईला भिंतीवर लावायला फोटो हवा होता. ओळखपत्रावरचा एक होता, पण त्यात बाबा पकडून आणलेल्या चोरासारखे दिसत. ते स्वतःच तो कुणाला दाखवत नसत. मोबाईल तेव्हा खिशाखिशात आले नव्हते. मग धाकटीला कॅमेऱ्यातला रोल आठवला. तिनं तो धुवायला दिला.

फोटो आला. धाकटी त्यात इतकी स्पष्ट होती की कपाळावरची बटसुद्धा केसागणिक मोजता यावी. तिच्यामागे चार धुरकट माणसं. बाबा कोणते, ते उंचीवरून ठरवायचं. डोळे नाहीत, ओठ नाहीत. आईनं फोटो जवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"माझा चष्मा बदलायला झालाय का गं?" तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी रिपरिप पावसात ती लाँचवर चढली.

"इतके दिवस होतात कुठे?" तो पुढे आला.

"तुमचे डोळे तपासायला आलेय." तिनं फोटो त्याच्यापुढे धरला. "हे माझे बाबा. गेले ते. आमच्यात उभे असलेला त्यांचा हा एवढाच फोटो आहे."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"एवढंच सांगा… बोट चुकून लागलं ना?"

त्यानं हो म्हणावं, म्हणजे त्याला माफ करून मोकळं होता येईल, असं तिला मनापासून वाटत होतं.

"नाही," तो म्हणाला. "काका नको म्हणाले होते. तरी मीच ते कडं फिरवलं. आत पाहिलं तर सगळे स्पष्ट, तुम्ही तेवढ्या पुसट. मला ते… बघवेना."

लाँच पलीकडे लागली. माणसं उतरून गेली. धाकटी जागची हलली नाही.

"खोटं बोलता आलं नाही तुम्हाला?"

"आलं असतं. पण पुन्हा तुमच्याकडे बघता आलं नसतं."

बाबा गेले त्या दिवसापासून अडलेलं रडू तेव्हा फुटलं. "मला तुमचा राग येतोय," ती हुंदके देत म्हणाली. "आणि तुम्ही आवडताही मला. त्याचा तर जास्तच राग येतोय."

"मी आईंना भेटतो," तो म्हणाला. "काय केलं ते माझ्या तोंडानं सांगतो. मग त्यांनी दार लावलं तरी चालेल."

रविवारी तो आला आणि उंबऱ्यातच उभं राहून त्यानं सगळं सांगितलं, कड्याला हात लावल्याचंही आणि का लावला तेही. आई उठली, कपाटातून कॅमेरा काढला आणि त्याच्या हातात दिला.

"हे गेल्यापासून या घरात एकही फोटो निघालेला नाही. काढ माझा."

ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली, केस सारखे केले आणि भिंगाकडे पाहिलं. अठ्ठावीस वर्षं त्या भिंगामागे एकच माणूस असायचा. तिची हनुवटी थरथरायला लागली. त्यानं बटण दाबलं नाही.

"घाई नाही, आई," तो हळूच म्हणाला.

आईनं डोळे पुसले. ताठ बसली.

"या वेळी नीट माझ्याकडे बघून काढ हो," ती म्हणाली. "हिच्याकडे बघायला अख्खा जन्म पडलाय तुला."