समोर या, मग सांगते

जुलैच्या शेवटच्या रविवारी रेवदंड्याच्या शाळेत रक्तदान शिबिर होतं. मासेमारी बंद असल्यामुळे कोळीवाड्यातले बहुतेक पुरुष घरीच होते. दिपेश पावसाची सर चुकवायला व्हरांड्यात शिरला. रक्तपेढीतर्फे अर्ज भरून घेणाऱ्या प्राप्तीने मान वर केली.

"रक्त देणार का?"

"तुम्ही विचारलंत म्हणजे द्यावंच लागल."

"घरच्या माणसाचा नंबर?"

"न्हाय कोणी. आई होती, गेली... तुमचाच लिहा की."

ती हसली नाही. पण त्याला सुई टोचली जात असताना तिने दोनदा तिकडे पाहिलं. दोन्ही वेळा तो तिच्याकडेच पाहत होता.

ऑगस्टअखेर अलिबागच्या रक्तपेढीत यादी आली. जिल्ह्यातल्या किती रक्तदात्यांत हिपॅटायटिस बीचा विषाणू आहे आणि तो कोणत्या प्रकारचा, अशी पाहणी चालू होती. सहाशे बारा नमुन्यांत सात सापडले. सातवा दिपेश.

निकाल फोनवर सांगायचा नाही, माणसाला समोर बसवून सांगायचा, असा नियम होता. दिपेशची बोट खोल समुद्रात होती. पाच दिवसांत प्राप्तीने अकरा वेळा त्याचा नंबर लावला. पहिले सात कॉल रक्तपेढीच्या फोनवरून, शेवटचे चार स्वतःच्या, संध्याकाळी, भाड्याच्या खोलीतून. त्या खोलीत ती चार वर्षं एकटी राहत होती. इतक्या वेळा तिने कोणालाच फोन केला नव्हता.

सहाव्या दिवशी सकाळी त्याचाच फोन आला.

"आवाज वळखला, शिबिरातल्या ना तुम्ही? लई मिस कॉल हायत तुमचे... काय काम होतं?"

"फोनवर नाही सांगता येणार. समोर या, मग सांगते."

मागून कोणीतरी ओरडलं, "पोरगी लाजते रं! आधी व्हय म्हण!"

"आमचा काळूराम तांडेल," दिपेश घाईने म्हणाला. "बोट चालवतो, तोंड पण चालवतो. मनावर घेऊ नका."

गैरसमज आहे, एवढं तरी तिला म्हणता आलं असतं. ती म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी तो रक्तपेढीत आला. इस्त्रीचा शर्ट, ओले विंचरलेले केस, हातात पिशवी.

"पापलेट हायत. तुम्हाला आवडतात का, ते विचारायचं राहिलं."

"बसा," प्राप्ती म्हणाली. तिने दार लावलं आणि सांगितलं.

त्याचं हसू एकदम गेलं नाही. हळूहळू गेलं.

"यासाठी बोलावलंत..."

"हो."

"आणि मी..." त्याने स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. "आई काविळीनं गेली. तोच काय हा?"

"बहुधा तोच. जन्मतःच त्यांच्याकडून आला असेल. आत्ता तब्येत चांगली आहे तुमची. दर सहा महिन्यांनी तपासायचं."

"बाकीच्या सहा जणांना पण हाच?"

"विषाणू हाच, पण त्यांचा डी उपप्रकार आहे. तुमचा ए."

"म्हणजे त्यात बी मी एकटाच."

तो उठला, पिशवी उचलली. "हे परत नेतो. माझा हात लागलाय."

"हात लागून काही होत नाही." तिने पिशवी ओढली. तो सोडेना. दोघांची बोटं एकाच बंदात अडकली... क्षणभर तशीच राहिली.

"लग्न?" त्याने पिशवीकडे बघत विचारलं.

"करता येतं. बायकोने आधी लस घ्यायची. तीन डोस."

"माझ्यापायी तीनदा टोचून कोण घेणार?"

"मी घेतलेत," ती म्हणाली. मग घाईने – "नोकरीला लागले तेव्हा... इथे सगळ्यांना देतात."

"म्हणजे माझ्यासाठी न्हाय."

प्राप्तीने त्याची फाइल बंद केली आणि शेजारच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"आजपासून तुमचं सगळं आमच्या वेणूबाई बघतील."

"का? काय चुकलं माझं?"

"काही नाही." तिने पापलेटची पिशवी स्वतःकडे ओढून घेतली. "आपल्या माणसाची फाइल... आपण बघायची नसते."