मागची सीट

घड्याळवाल्या काकांचा निरोप आला, 'गाडी घेऊन जा,' म्हणून मी रविवारी सकाळी त्यांच्याकडे गेलो. काम एवढंच होतं. त्यांची जुनी मोटरसायकल ढकलत माझ्या गॅरेजपर्यंत आणायची. पंधरा मिनिटांचा रस्ता, सगळा सपाट.

मला बोलायची सवय नाही, हे आधीच सांगतो. सांगताना कुठं अडखळलो तर समजून घ्या. शाळा नववीत सुटली तीही त्यामुळेच. मास्तरांनी उभं केलं की जीभ टाळूला चिकटायची. मग मेस्त्रींच्या हाताखाली गेलो. तिथं बोलावं लागत नव्हतं, बोलायचं काम इंजिन करायचं. आता मेस्त्री नाहीत, आईही नाही. घराच्या खालच्या भागात मी माझं गॅरेज केलं आहे. लोकांच्या जुन्या मोटरसायकली आणतो आणि त्यांना हव्या तशा नव्यानं घडवून देतो. वर दोन खोल्या, खाली गॅरेज, आणि दोन्हीकडे मी एकटा. कधीकधी हातातला पाना मुद्दाम फरशीवर टाकायचो, नुसता आवाज व्हावा म्हणून.

ताईचा फोन दर आठवड्याला यायचा.

"मुक्या, जेवलास का?"

"हो."

"आज कुणाशी बोललास?"

"दूधवाल्याशी."

"काय बोललास?"

"अर्धा लिटर."

ताई हसायची, मग तिचा आवाज बदलायचा. "बंद कर रे ते दुकान. आमच्याकडे ये राहायला. माणसात ये. असा किती दिवस भिंतींकडे बघत बसणार आहेस?"

मी म्हणायचो, बघतो. खरं म्हणजे मलाही ते एकटेपण खात होतं. पण ताईच्या घरात पाहुण्यासारखं कोपऱ्यात बसणं त्याहून जड वाटायचं. मला माझ्याच घरात कुणीतरी हवं होतं. मागायचं कुणाकडं, ते मात्र कळत नव्हतं.

काकांनी गाडीवरची चादर काढली. चाळीस वर्षांपूर्वीची गाडी, गोल दिवा, थेंबासारखी टाकी, लांबलचक सीट. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाची गाडी, त्यामुळे एकही नट गंजलेला नव्हता.

"रंग तुला आवडेल तो दे," काका म्हणाले. "हँडल खाली घे. आणि मागची सीट काढून टाक. एकट्यापुरती ठेव."

"पायऱ्या... म्हणजे मागचे फूटरेस्ट?"

"तेही काढ. मागं बसायला जागाच राहायला नको."

काकू जाऊन दोन वर्षं झाली होती, हे मला माहीत होतं. मी मान हलवली.

"गाडी मागून जड लागते," ते हळूच म्हणाले. "बघ जरा."

ती खरंच जड होती. सपाट रस्त्यावर मी घामानं निथळलो. चाकं मोकळी फिरत होती, ब्रेक घासत नव्हता. मी मनाशी म्हटलं, मागचे शॉकअप गेले असतील.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मागच्या चाकाजवळच्या दोन स्प्रिंगा, त्यांना आम्ही शॉकअप म्हणतो. त्या ठीक आहेत का हे बघायचं तर सीटखालच्या फ्रेमवर खडूनं खूण करायची आणि चाकाच्या मधल्या बोल्टपासून त्या खुणेपर्यंत टेपनं मोजायचं. नुसती गाडी उभी असताना एक आकडा येतो. वर माणूस बसला की स्प्रिंग दबते आणि आकडा कमी होतो. या कामाला दोन माणसं लागतात. एक बसतो, दुसरा जमिनीवर आडवा होऊन मोजतो. मेस्त्रींची शिस्त अशी, की बसणाऱ्यानं हलायचं नाही, श्वाससुद्धा जपून घ्यायचा. मोजणारा फरशीवर खडूनं आकडा लिहितो आणि म्हणतो, 'उतर.' तोपर्यंत बसणाऱ्यानं जागा सोडायची नाही. मी एकटा झाल्यापासून सीटवर वाळूची गोणी ठेवायचो.

बुधवारी दुपारी मी हे मोजमाप घेतलं. टाकीला सकाळीच रंग दिला होता. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून शटर पूर्ण खाली ओढलेलं. आत एकच बल्ब. बाहेर रणरणतं ऊन असणार, पण आत थिनरचा उग्र वास आणि तळघरासारखा काळोख. गाडीचं पुढचं चाक मी लोखंडी खाचेत अडकवून तिला सरळ उभी केली होती. आडवा झालो, टेप लावली.

साडेअठ्ठावीस सेंटीमीटर.

नुसत्या गाडीला एकतीस यायला हवे होते. साडेअठ्ठावीस म्हणजे वर कुणीतरी बसल्याचा आकडा. गोणी तर अजून कोपऱ्यातच होती.

मी जुने शॉकअप काढले. नवे आणलेले होते, ते घातले. पुन्हा आडवा झालो.

साडेअठ्ठावीस.

टेप उलटी धरून बघितली. खूण पुसून नव्यानं केली. आकडा तोच. बल्बभोवती एक किडा फिरत होता, त्याच्या पंखांचा आवाज तेवढा येत होता. मी जमिनीवरून वर बघितलं. सीटचं जुनं कातडं मागच्या बाजूला खोलगट दबलं होतं. तसं ते नेहमीचंच असेल, इतक्या वर्षांचं...

मग मी माझ्या कामातली चूक केली. चूक म्हणजे सवय. फरशीवर खडूनं साडेअठ्ठावीस लिहिलं, आणि आकडा लिहून झाला की तोंडातून जे निघतं तेच निघालं.

"उतर."

स्प्रिंग हलकेच करकरली. गाडी डावीकडे झुकली, माणूस पाय टाकून उतरताना झुकते तशी, आणि मग सावरून उभी राहिली. कातड्यातला खळगा सावकाश भरून आला. माझ्या तोंडापुढून काहीतरी गेलं. वारा नव्हता, शटर बंद होतं. थिनरच्या वासात क्षणभर दुसराच वास मिसळला. उन्हानं तापलेल्या डांबराचा आणि वाळक्या गवताचा.

मी बराच वेळ तसाच पडून होतो. मग टेप लावली.

एकतीस.

पळून जायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणतो. पण हात काम शोधतात. मी स्वतःला समजावलं, नवी स्प्रिंग अडकली होती, सुटली. ओली टाकी वरच्या खोलीत नेऊन ठेवली, शटर उघडून ग्राइंडर चालू केला, सीटमागची फ्रेम कापली, फूटरेस्ट कापले. ठिणग्या उडत होत्या तेवढा वेळ बरं वाटलं. ग्राइंडर बंद केला, तर भिंतीजवळची लाकडी पेटी वाजली. तिच्यात मी जुने पार्ट ठेवतो आणि तिच्यावर फळी टाकली आहे. फळी मध्यभागी थोडी वाकली होती. वर दोन-तीन पान्यांशिवाय काहीच नव्हतं.

मी त्या फळीवरचे पाने उचलून दुसरीकडे ठेवले. कुणी बसलेलं असताना आपण जागा करून देतो ना, तसे.

पुढचे तीन दिवस... कसं सांगू. मला भीती वाटायची ती फक्त सकाळी, शटर उघडताना. मग काम सुरू झालं की मी बोलायला लागायचो. मी! कार्बोरेटर का चोंदतो, ते सांगितलं. मेस्त्री शिव्या कशा द्यायचे, ते सांगितलं. आईच्या शेवटच्या दिवसांचं सांगितलं, जे ताईलाही कधी सांगितलं नव्हतं. पेटीकडून उत्तर येत नसे. फक्त मी गप्प झालो की फळी किंचित करकरायची. त्या तीन दिवसांत मी एकदाही पाना खाली टाकला नाही.

शनिवारी दुपारी काका आले. गाडी बाहेर काढली होती, गडद हिरवी, एकट्यापुरती छोटी सीट. ते बसले, किक मारली आणि एक चक्कर मारून आले. मला वाटलं, खूश होतील. त्यांनी इंजिन बंद केलं आणि हँडल धरून तसेच बसून राहिले.

"हलकी झाली," ते म्हणाले.

"नवे शॉकअप टाकलेत, काका."

"शॉकअपचं मला सांगू नकोस. मी आयुष्यभर स्प्रिंगाच बघितल्यात." ते माझ्याकडे बघेनात. "तू काही बोललास का?"

"कुणाशी?"

"पोरा... काही बोललास का?"

माझी जीभ टाळूला चिकटली. "एकच शब्द. चुकून. उतर, म्हणालो."

काका गाडीवरून उतरले आणि उंबऱ्यावर मटकन खाली बसले.

"दोन वर्षं मी तो शब्द तोंडातून काढला नाही," ते म्हणाले. "शेवटचा तोच बोललो होतो तिला. घाटाचा चढ होता. दोघांना घेऊन इंजिन ओढेना. मी म्हटलं, उतर, मागून चालत ये, मी वर जाऊन थांबतो. ती बिचारी उतरली. दुपारचं ऊन... मी वर झाडाखाली थांबलो. विडी ओढली, दुसरी ओढली. ती येईना. खाली आलो तर रस्त्याच्या कडेला दगडाला टेकून बसलेली. डॉक्टर म्हणाले, छातीत कळ आली असणार. तेरावा झाला, मी गाडी काढली, तर ती मागं बसलेली. वजन कळतं रे. चाळीस वर्षं नेलं होतं ते वजन."

"मग सीट कशाला काढायला सांगितलीत?"

"भित्रा माणूस आहे मी. वाटलं, जागाच नसली तर आपोआप जाईल. मला तिला काही म्हणावं लागणार नाही." त्यांनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं. "आहे का रे आत?"

मी पेटीकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर त्यांना कळलं असतं.

"माहीत नाही, काका."

"तो कापलेला तुकडा आहे ना? परत जोड. माझं चुकलं. मी तिला त्या घाटावर घेऊन जातो. वरपर्यंत नेतो एकदाची. तेवढंच राहिलंय माझ्याकडून."

कापलेली फ्रेम जोडायला मला एक तास पुरतो. अशा वीसेक जोडल्या असतील, एकही सुटलेली नाही. तुकडा माझ्या पायापाशीच पडला होता. पण मला ते शटर दिसलं, तो एक बल्ब दिसला, आणि संध्याकाळी त्या गॅरेजमध्ये माझ्याशिवाय कुणी नसणार हे दिसलं.

"जोड धरणार नाही," मी म्हणालो. "जुनं लोखंड आहे, काका."

आयुष्यात मी फार थोडं बोललो, त्यामुळे खोटंही फार थोडं. हे एक.

काकांनी विश्वास ठेवला. "तू म्हणतोस तर नसेल धरत," म्हणाले आणि उठले. गाडी चालू न करताच, हातानं ढकलत निघाले. मी कोपऱ्यापर्यंत त्यांच्याबरोबर गेलो. तिथून ते दिसेनासे होईपर्यंत उभा राहिलो. एका हातानं ढकलता येत होती गाडी, इतकी हलकी.

परत आलो तर माझ्या कामाच्या टेबलावर फोन वाजत होता. ताई.

"लबाडा!" ती हसत होती. "मी इकडे तुझ्या काळजीनं झुरतेय, आणि तू... कोण रे ती?"

"कोण?"

"आता मला शिकवू नकोस. मघाशी फोन केला तर उचलला की तिनं. मोठी वाटली रे वयानं, पण असू दे, मी काही म्हणणार नाही. तुला कुणीतरी मिळालं ना, बास. आता नाही तुला ये म्हणणार."

मी पेटीकडे बघितलं. फळी सरळ होती.

"काय... काय बोलली?"

"कुठं काय बोलली! धाप किती लागली होती तिला. आधी पाणी दे हो तिला. एकच विचारत होती सारखं, वर अजून किती राहिलंय, वर अजून किती राहिलंय. म्हटलं जिना चढत असेल. काय रे, किती पायऱ्या आहेत आपल्या जिन्याला? मी विसरले बघ."

"अकरा," मी म्हणालो.

फोन कानाशीच होता. ताई पुढं काहीतरी बोलत होती. गॅरेजच्या मागच्या बाजूला, अंधारात, लाकडी जिन्याची पहिली पायरी वाजली. मग दुसरी. सावकाश, प्रत्येक पायरीवर थांबून, श्वास घेत. मी मोजत राहिलो.

नऊ. दहा. अकरा.

बारा.