कोमट पाण्याची किटली

शपथेवर सांगतो, यातला एक शब्दही पदरचा नाही.

थंडर बे शहर. जानेवारीची भर दुपार, उणे एकतीस. शेवटच्या गल्लीतलं हिरव्या दाराचं घर.

मी घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करतो. त्या घरी मी दुसऱ्यांदा चाललो होतो.

आदल्या हिवाळ्यात तिथे कोस्केलाबाई राहायच्या. एकट्या. भट्टी बंद पडली म्हणून त्यांनी मला बोलावलं. दोष मला बघताक्षणी कळला. भट्टीतलं पाणी बाहेर सोडणारी नळी गोठली होती, म्हणून भट्टी पेटत नव्हती. नळीवर किटलीभर कोमट पाणी ओतलं की झालं. शंभर डॉलरचं काम.

मी सांगितलं, नवी भट्टी घ्यावी लागेल. सहा हजार.

"विचार करून कळवते हं, पोरा," त्या म्हणाल्या. वर कॉफी आणि वेलदोड्याचा पाव दिला. मी निर्लज्जासारखा तो खाल्लाही.

चौथ्या दिवशी त्या सापडल्या. खुर्चीत, अंगात कोट, गारठून गेलेल्या.

मला कुणी काही विचारलं नाही.

आता तिथे लॉर्ना राहायला आली होती. कडेवर तान्हं पोर, त्याचे ओठ निळसर. तळघरात जाऊन पाहिलं तर तोच दोष. या वेळी मी खरं ते सांगितलं. नळी गोठलीय, शंभर डॉलर. मग बाहेरून नळीचं तोंड बघायला मागच्या अंगणात गेलो.

गुडघाभर बर्फ. त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

आणि नळीच्या तोंडातून... वाफ येत होती.

शेजारी बर्फ वितळून एक गोल खळगा पडला होता. किटलीच्या बुडाएवढा.

वास आला... वेलदोड्याचा.

तेवढ्यात आत भट्टी आपोआप पेटली. मी धावत आत गेलो आणि लॉर्नाला विचारलं, नळीवर किटलीनं पाणी तू ओतलंस का?

"मी? माझ्याकडे किटलीच नाहीये."

पैसे न घेताच मी हत्यारं उचलायला तळघरात उतरलो. नळीत पाणी गुडगुडलं... आणि कानाशी कुणीतरी हळूच विचारलं.

"एवढंच होतं का रे, पोरा?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी कुणालाही वाजवीपेक्षा एक डॉलर जास्त सांगितलेला नाही. तरी कुठल्याही घरात नळी मोकळी होऊन गुडगुडली, की तोच प्रश्न येतो.

'हो' म्हणायला माझी जीभ अजून रेटत नाही.